वरच्या विहिरीचं चित्र

थॉर्नलो, डर्बीशायर
रविवार, १५ एप्रिल १९५६

प्रिय सेलीना,

शेफील्डच्या धुरानं तुझा खोकला वाढला नसेल, असं धरून चालतो. इकडे सगळे ठीक आहोत. आईचा गुडघा हिवाळ्यात धरला होता, आता ती चर्चपर्यंत पुन्हा चालत जाते. चौदा कोंबड्यांपैकी अकरा अंडी घालतात. दगडाच्या खाणीत माझं काम चालू आहे, आणि मुकादम सूचनांचे फलक माझ्याकडूनच लिहून घेतो, कारण माझ्या लिहिण्यात चुका नसतात. हे पत्रही आधी कच्चं लिहिलं, शब्द कोशात तपासले आणि मग पक्कं केलं.

सहा वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही हे मला माहीत आहे. नाताळच्या कार्डावर आईच्या नावाखाली सही करत होतो, ती पत्रात धरू नकोस. आता लिहितो आहे त्याला कारण आहे.

बाबांचे हात गेले. बोटांची पेरं सुपारीएवढी झाली आहेत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. त्यामुळे वरच्या विहिरीचं चित्र यंदा माझ्याकडे आलं. रेखाटन बाबांचंच आहे, पेन्सिल मुठीत धरून महिनाभर काढलं. पण रेषांवरून टाचणीनं भोकं पाडणं, फळ्यांवर थापलेल्या ओल्या मातीवर कागद ठेवून ती रेष मातीत उतरवणं, त्यात बोंडं आणि फुलांच्या पाकळ्या बसवून घेणं, आणि ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी सकाळी फळ्या विहिरीवर उभ्या राहीपर्यंत चित्र कुणाच्या नजरेला पडू न देणं, हे माझं काम. तुला हे सगळं पाठ आहे, पण मला क्रमानं लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

यंदा गुरुवार दहा मे रोजी येतो. चित्र आहे बायबलातला एलिया आणि रानात त्याला भाकरी आणून देणारे कावळे. तुला सांगतो आहे, कारण तुला सांगितलं तरी आता काही बिघडत नाही असं बाबा म्हणाले. मी तसं म्हटलेलं नाही.

मला काळजी लागली आहे ती काळ्या रंगाची. कावळ्यांसाठी आल्डरच्या झाडाची काळी बोंडं भरपूर लागतात, म्हणून मी ओढ्याकाठी गेलो, तर खालच्या अंगाची झाडं आधीच कुणीतरी ओरबाडलेली. चौकशी केली. खालच्या विहिरीचं चित्र करणारा लॉरेन्स ग्रॅटन दोन पोती बोंडं घेऊन गेला. दोन पोती. दुकानात तो मला म्हणाला, "काय हेडली, यंदा तुमचंही काळंच का?"  त्यानं 'तुमचंही' म्हटलं. म्हणजे त्यांचंही काळं आहे. आता मला सांग, खालच्या विहिरीला दोन पोती काळं कशाला हवं, त्यांना आमचे कावळे ठाऊक नसतील तर?

सहा वर्षांपूर्वी, नोहाच्या वर्षी असंच झालं होतं. त्या सकाळी आपण आपल्या विहिरीवर नोहाचं तारू उभं केलं आणि खाली जाऊन पाहतो तर त्यांच्याही विहिरीवर तेच तारू, तेच कबुतर, कबुतराच्या चोचीतल्या डहाळीला बाबांनी काढलेली तीच पाच पानं. फक्त सगळं उलटं, आरशात दिसावं तसं. आपलं तारू डावीकडे कललेलं, त्यांचं उजवीकडे. चोरी लपवायला उलटं केलं, असं तेव्हा आपल्या कोठारात सगळे म्हणाले. आणि आशीर्वाद द्यायला आलेले पाद्रीबाबा दोन्हीकडे तेच चित्र पाहून हसले. बाबा त्या हसण्यातून अजून बाहेर आलेले नाहीत.

म्हणून विचारतो. चित्र बाहेर कसं गेलं होतं, हे तू मला नीट लिहून कळवलंस तर यंदा ती वाट मी बंद करीन. मला दुसरं काही म्हणायचं नाही. जुनं उकरायचं नाही.

आई म्हणते, सेलीनाला लिही की खिडकीखालचं गुलाबाचं झाड जगलं आहे.

तुझा भाऊ,
हेडली ट्विग

⁂

थॉर्नलो
रविवार, २९ एप्रिल

प्रिय सेलीना,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चार ओळींचं असलं तरी मिळालं, हे आधी नोंदवतो. आई ते एप्रनच्या खिशात घेऊन फिरते आहे.

तू लिहिलंस, "मी तेव्हा कुणाला काही दाखवलं नव्हतं, आणि तेव्हाही हेच सांगितलं होतं. तुला कुणावर संशय घ्यायचाच असेल तर लॉरेन्सवर घे. मीही सहा वर्षं तेच करते आहे." ही शेवटची ओळ मी बऱ्याचदा वाचली. तुझं त्याच्याशी लग्न ठरत आलं होतं, ते तू शेफील्डला जाण्याआधी मोडलंस. मी समजत होतो की चोरी उघडकीला आली म्हणून तुम्ही दोघं लाजून वेगळे झालात. तू त्याच्यावर संशय घेऊन मोडलंस, हे मला माहीत नव्हतं. ठीक आहे. म्हणजे माझा संशय योग्य माणसावर आहे, फक्त त्यानं चित्र कुठून मिळवलं एवढंच शोधायचं राहिलं.

मी वहीत नोंदी ठेवतो आहे. सोमवारी मी जेवायला घरी आलो होतो तेव्हा लॉरेन्स आपल्या कोठारामागच्या पायवाटेनं गेला, दुपारी साडेबाराला. ती वाट त्याच्या घरी जात नाही. बुधवारी पुन्हा. गुरुवारी मी कोठाराच्या दाराला खालच्या बाजूला काळा धागा बांधला. शुक्रवारी खाणीतून येऊन पाहतो तर धागा तुटलेला. मी इतका घाबरलो की पेटीतला कागद काढून एकेक कावळा तपासला. मग आई म्हणाली, "अरे, मीच गेले होते आत, ती तांबडी कोंबडी तिथं अंडी घालते. दाराला धागा कसला बांधतोस? पडले असते ना मी." तरी मी धागा पुन्हा बांधला, जरा वर.

वर थापलेली माती लवकर वाळू नये म्हणून फळ्या गिरणीच्या तळ्यात भिजत घातल्या आहेत, आपल्या वरच्या काठाला, त्यांच्या खालच्या काठाला. काल सकाळी मी आपल्या फळ्या मोजायला गेलो तर लॉरेन्स तिथं होता. आमचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, तुला त्यातून काही कळलं तर कळव.

तो म्हणाला, "हेडली, फळ्यांवर अजून चित्र उमटलेलं नाही. किती वेळ बघत बसणार?"

मी विचारलं, "तू इथं काय करतोस?"

"तू करतोस तेच. पाणी एकच आहे बाबा. पण काळजी करू नकोस, आमच्या फळ्या अबोल आहेत. तुमच्या फळ्यांना काही विचारायच्या नाहीत."

"आणि आमच्या कोठारामागे दोनदा काय करत होतास?"

त्यानं काठीनं एक फळी पाण्याखाली दाबली. मग म्हणाला, "तिथून तुमची खिडकी दिसते. गुलाबाचं झाड मी लावून दिलं होतं तिला. फुटलंय का ते पाहत होतो." मग पाण्यात काठी फिरवत म्हणाला, "कशी आहे सेलीना?"

"बरी आहे."

"शेवटी भेटली तेव्हा म्हणाली, 'का ते तुला ठाऊक आहे.' मला ठाऊक नाही रे. तुला माहीत असेल तर सांग."

मी सांगितलं नाही. माणूस असं बोलून समोरच्याला बोलतं करतो, हे मला कळतं. पण घरी येताना मला वाटलं, चोराला चोरी ठाऊक नसल्याचं सोंग सहा वर्षं कसं टिकवता येईल? हे वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह केलं.

दुपारी माती तुडवली. ओढ्याकाठची निळसर माती, दोन गाड्या. बाबा खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते, आम्ही सहाजण अनवाणी. विल्मट अल्सप अजून तसाच आहे, फक्त आणखी जाड झाला आहे. मी माती ओली राहावी म्हणून मीठ मोजून टाकत होतो, तर म्हणाला, "जपून रे हेडली, एलियाला तहान लागेल. कावळे भाकरी आणतील, बिअर कोण आणणार?" बाबा म्हणाले, "विल्मट, तोंड कमी आणि टाचा जास्त." तुझी जागा मधोमध असायची, बाबांच्या खुर्चीसमोर. तिथं कुणी उभं राहत नाही. मुद्दाम नव्हे. आपोआप.

आता एक गोष्ट लिहितो, कारण तुझ्या पत्रात 'तेव्हाही हेच सांगितलं होतं' असं आहे. त्या दिवशी कोठारात बाबांनी विचारलं, "कुणी काही पाहिलंय का?" मला विचारलं म्हणून मी सांगितलं. तू त्याआधी एका मंगळवारी दगडी पुलावर लॉरेन्सला भेटलीस आणि तुझ्या काखेत कागदाची गुंडाळी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी खोटं बोललो नाही. तू म्हणालीस की ती फ्रॉक बेतायच्या कागदाची गुंडाळी होती. कुणी विश्वास ठेवला नाही, ती माझी चूक नव्हे. मी सतरा वर्षांचा होतो. जे पाहिलं ते सांगितलं, एवढंच.

हा परिच्छेद पक्का करताना मी दोनदा गाळला आणि दोनदा परत घातला.

एलियाचा चेहरा कोण करणार ते ठरलेलं नाही. चेहरे तूच करायचीस, म्हणून तू गेल्यापासून आपण पाठमोरी माणसं करतो. मोशे पाठमोरा, योसेफ पाठमोरा. विल्मट म्हणतो, वरच्या विहिरीवर देवाची सगळी माणसं रुसलेली असतात. पण यंदा बाबांनी एलिया समोरून काढला आहे. का, ते मी विचारलं नाही.

तुझा,
हेडली

⁂

थॉर्नलो
रविवार, ६ मे

प्रिय सेलीना,

हवा चांगली आहे. फुलं वेळेवर आली. निळी घंटाफुलं टेकडीमागच्या रानात भरपूर आहेत, पिवळे बटरकप थोडे मागे आहेत पण गुरुवारपर्यंत पुरतील. दगडफूल आणि शेवाळ आईनं ताटांत निवडून ठेवलं आहे. तांबडी कोंबडी खुडूक बसली. खाणीत मंगळवारी सुरुंग लावणार होते, तो पुढे ढकलला. फळ्यांवर माती थापून झाली, काल सकाळी बाबांच्या देखत मी कागद ठेवून रेषा उतरवल्या आणि सगळ्या रेषांवर बोंडं बसवली. एकही रेष चुकली नाही.

इथपर्यंत लिहून मी उठलो होतो, कोठारात जाऊन आलो. आता बसून लिहितो.

काल दुपारी आईनं ओटची धिरडी केली आणि मला म्हणाली, "केझायाबाईंना नेऊन दे, त्यांचे पाय सुजलेत." केझाया फर्न, खालच्या विहिरीजवळ राहतात त्या. तू असताना त्यांच्याकडे धिरडी मीच पोचवायचो. अलीकडे आई जात असे, मी त्या बाजूला फिरकत नव्हतो. आता त्या शहाऐंशीच्या आहेत, ऐकू चांगलं येतं. खरं म्हणजे मी जायला लगेच तयार झालो ते संशयापोटी. त्यांच्या दारातून खालच्या विहिरीचं कोठार दिसतं, काही कळलं तर पाहावं म्हणून.

त्यांनी मला बसवलं. "बस रे पोरा. मोठा झालास की. फडताळाच्या खोलीत लोण्याचं भांडं आहे, तेवढं आण, तुझ्याच धिरड्यांना लावू." मी आत गेलो. ती खोली म्हणजे दोन माणसं उभी राहतील एवढी, पश्चिमेला हातभर उंच खिडकी. लोण्याला ऊन लागू नये म्हणून खिडकीवर एक जाड कागद चिकटवलेला. ऊन नेमकं खिडकीवर आलं होतं. मी भांड्याला हात घातला आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर पाहिलं.

भिंतीवर उजेडाचे ठिपके होते. बारीक, रांगेनं. मी आधी ठिपके मोजायला लागलो, माझी सवय. मग रांगा जुळल्या. तारू होतं, सेलीना. उजवीकडे कललेलं. वर कबुतर. डहाळीला पाच पानं.

मी किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. बाहेरून त्यांनी हाक मारली, "लोणी गाईकडून आणतोस की काय?"

मी म्हणालो, "केझायाबाई, हा कागद कुठला?"

"तो होय? तूच आणलास की. त्या वर्षी धिरडी गुंडाळून आणली होतीस. कागद मिळायचा नाही तेव्हा. जाड, स्वच्छ, म्हटलं खिडकीला होईल. मधला तुकडा कापून लावला आणि दुसऱ्या दिवशी पाहते तर भिंतीवर नोहा."

आता मला सगळं क्रमानं लिहायला हवं.

त्या वर्षी बाबांनी पहिलं चित्र काढलं ते फळीपेक्षा वीतभर मोठं झालं होतं. भोकंही पाडून झाली होती. त्यांनी ते रागानं बाजूला टाकलं आणि दुसरं लहान काढलं. टाकलेला कागद चुलीत घालायला त्यांनी माझ्याकडे दिला होता. चांगला जाड कागद, भिंतीला लावायच्या कागदाची कोरी पाठ, आणि रेशनचे दिवस. मला जाळवेना. मी पावाच्या मऊ गोळ्यानं पेन्सिलीच्या सगळ्या रेषा पुसल्या. दोन संध्याकाळी लागल्या. रेषेचा माग राहू नये म्हणून उजेडात तिरका धरून पाहिला. कोरा दिसत होता. भोकं होती, पण भोकांकडे मी पाहिलंच नाही. आपण सगळे लहानपणापासून ते कागद पाहतो, कागद म्हटला की त्याला भोकं असायचीच. मी तो घडी करून फडताळात ठेवला आणि आठवड्यानं त्यात धिरडी गुंडाळून खालच्या विहिरीकडे स्वतः घेऊन गेलो.

मी केझायाबाईंना विचारलं, खालच्या लोकांना हे कसं कळलं. त्या सांगू लागल्या. "लॉरेन्सचा बाप आला होता सरपण टाकायला. त्या वर्षी त्यांना चित्र सुचत नव्हतं. भिंत पाहून म्हणाला, 'केझाया, हे तू केलंस? अजून तुझा हात चालतो की.' तरुणपणी मीच काढायची ना त्यांची चित्रं. हे कुणाचं तरी टाकलेलं आहे हे मला कळत होतं. पण वीस वर्षांत मला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं रे. मी नाही म्हटलं नाही. तो भिंतीवरचंच उतरवून घेऊन गेला. मग तुमच्याही विहिरीवर तेच निघालं, तेव्हा मला वाटलं आता कुणीतरी विचारायला येईल. कुणी आलं नाही. तो हिवाळ्यात वारला, मी गप्प बसले."

"सेलीनाबद्दल तुम्हाला कळलं नाही?"

"काय कळायचं? शेफील्डला कारखान्यात चांगली नोकरी लागली म्हणून गेली, असं तुझी आई सांगत होती."

म्हणजे आई बाहेर तसं सांगत आली. तू चोरीचा ठपका घेऊन गेलीस हे आपल्या कोठाराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. लॉरेन्सलासुद्धा नाही.

निघताना त्यांना वाटलं असावं की मी रागावलो. माझा हात धरून म्हणाल्या, "आमचंही एक सांगते, फिटंफाट. यंदा खाली योनाला गिळणारा मासा आहे. सगळा काळा. कुणाला सांगू नकोस हं." दोन पोती बोंडं माशासाठी होती.

कागद मी सुरीनं सोडवून घेतला. तो माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं: काल संध्याकाळपासून मी तो दोनदा चुलीपाशी नेला. केझायाबाई शहाऐंशीच्या आहेत. त्यांच्याशिवाय फक्त मला ठाऊक आहे. बाबांनी सहा वर्षांपूर्वी जाळायला सांगितलेला कागद आज जाळला तर सांगितल्यासारखंच झालं असतं. असा विचार मी केला. संपूर्ण केला, अर्धवट नाही. दुसऱ्या वेळी कागदाचा कोपरा तपकिरी झाला. तो तुला दिसेल.

मी खोटं बोललो नाही, असं मागच्या पत्रात लिहिलं. ते खोडून काढ. मी गुंडाळी पाहिली एवढं खरं. गुंडाळीत काय होतं ते पाहिलं नव्हतं, आणि सांगताना पाहिल्यासारखं सांगितलं. बाबा सगळ्यांकडे पाळीपाळीनं बघत होते आणि मला भीती होती की ते मला विचारतील, तू तो पहिला कागद जाळलास ना? त्यांनी विचारण्याआधी मी बोललो. हे मला तेव्हा कळत होतं का, ते मी काल रात्रभर तपासून पाहिलं. थोडं कळत होतं.

उद्यापासून पाकळ्या लावायच्या. सगळे कोठारात असतील, त्या दिवशी होते तेच, तू सोडून. मी सांगेन. आधी तुला लिहिलं, कारण लिहिल्यावर मागे फिरता येणार नाही.

हेडली

⁂

थॉर्नलो
मंगळवार, ८ मे, सकाळी सात

सेलीना,

हे पत्र मी कच्चं लिहिलेलं नाही. टपाल नऊला निघतं, तुला ते उद्या सकाळी मिळायला हवं.

काल सांगितलं. सकाळी सगळे ओळीनं बसले होते, पाकळ्या खालून वर चढवत, कौलं शाकारावीत तशा, म्हणजे पाऊस आला तर पाणी वरून ओघळून जाईल. मी उभा राहिलो तर विल्मट म्हणाला, "बस रे, उजेड अडवतोस." मी म्हणालो, उजेडाचंच काम आहे. कागद काढून खिडकीला लावला. ऊन पुरेसं नव्हतं, थोडी वाट पाहावी लागली. ती थोडी वाट मला खूप लांब वाटली.

मग ठिपके आले. बाबांच्या गुडघ्यावर पडले, त्यांच्या हातांवर.

मी सगळं सांगितलं. पाव, पुसणं, धिरडी, पूल, गुंडाळी. चुलीपाशी नेल्याचंही.  विल्मटनं टोपी काढली, का ते त्यालाही ठाऊक नसावं.

बाबा आपल्या हातावरचे ठिपके पाहत होते. तसेच पाहत म्हणाले, "पानं किती आहेत रे? मला दिसत नाही नीट."

"पाच."

"पाचच काढली होती मी." मग आईकडे वळून म्हणाले, "म्हणजे फ्रॉकचाच कागद होता तो."

आई म्हणाली, "निळ्या फ्रॉकचा. कापड माझ्या पेटीत आहे. मी तेव्हाच तुम्हाला दाखवायला आणलं होतं. तुम्ही पाहिलं नाही." ती पाकळ्या लावत राहिली. तिचे हात थांबले नाहीत, पण एका जागी तिनं तीन पाकळ्या उलट्या लावल्या आणि मी त्या नंतर सरळ केल्या.

मला वाटलं होतं बाबा मला बाहेर काढतील. मी तयारीनं बूट घालून आलो होतो. ते उठले, खुर्चीला धरून, मधल्या फळीपाशी गेले. विल्मट एलियाच्या चेहऱ्यापाशी पोचला होता, कपाळाला पाकळी लावायच्या बेतात.

"तिथं हात लावू नकोस."

"मग कोण करणार? गुरुवारी अकराला पाद्री येतो."

"ओलं पोतं टाक त्यावर," बाबा म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू लिही तिला. तुझं अक्षर चांगलं आहे."

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. जेवताना मीठ मागितलं ते आईकडे, मीठ माझ्यासमोर होतं. मला त्याबद्दल तक्रार नाही.

लॉरेन्सला मी काही सांगितलेलं नाही. ते तुझं आहे. काल संध्याकाळी तो कोठारामागून गेला, मी दारात होतो. मी वही काढली नाही. "गुलाब फुटला आहे," एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "पाहिला."

कावळे झाले. ओढा झाला. डोंगर झाला, दगडफुलाचा. एलियाचे कपडे, हात, हातातली भाकरी, सगळं झालं. चेहऱ्याची जागा ताटाएवढी आहे. मातीत रेष आहे, बोंडं बसवली आहेत, आत काही नाही. चेहऱ्याला तू लावायचीस त्या हायड्रेंजियाच्या, गेल्या वर्षीच्या वाळलेल्या पाकळ्या आईनं पातळ कागदात जपून ठेवल्या होत्या. दर वर्षी ठेवत होती, हे मला काल कळलं.

बुधवारी संध्याकाळची शेवटची बस सव्वासातला पुलापाशी थांबते. गुरुवारची पहिली साडेसातला. चेहऱ्याला तुला दोन तास लागायचे, मी तेव्हा घड्याळ लावून पाहिलं होतं. म्हणजे गुरुवारच्या बसनंही जमतं. तू ये, असं मी लिहू शकत नाही. तो हक्क माझा राहिला नाही. बसच्या वेळा मी थांब्यावर जाऊन तपासल्या आहेत, एवढंच लिहितो.

तू आली नाहीस तर बाबा म्हणतात, फळी तशीच उभी करायची. पाद्रीबाबा हसले तर हसू देत.

पोतं मी दर दोन तासांनी भिजवतो आहे. मीठ बेतानं घातलं होतं, भेग पडलेली नाही. गुरुवारी सकाळी दहापर्यंत माती ओली राहील. त्याची खात्री मी देतो. माझ्या दुसऱ्या कुठल्या गोष्टीची खात्री तू मागू नयेस, पण या एवढ्याची दे म्हटलंस तर देतो.

तारू पुसून ज्यानं ठपका तुझ्यावर ढकलला, तो
हेडली